कोरड्या रुळांची किंकाळी

बाईंच्या खोलीत पाण्याला बंदी होती. तेलाला होती, क्रीमला होती, खोकल्याच्या गोळीला होती. एकदा एका पाहुण्याच्या डोळ्यांत संशोधनाचं महत्त्व ऐकून पाणी तरळलं, तेव्हा त्यालाही बाईंनी बाहेर जाऊन भारावून यायला सांगितलं होतं.

संस्थेत त्यांना बहुतेक सगळे तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'ठिणगी'. दुसरं नाव त्यांच्या कानावर आलेलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की जिथे फ्लोरीन वायूचे सिलिंडर ठेवलेत तिथे हा शब्द इतका हलक्यात वापरू नये.

या सगळ्या बंदीचं मूळ एकच होतं: हायड्रोजन. पाण्यात तो असतो, तेलात असतो, घामात, गोंदात, प्लॅस्टिकमध्ये, सगळीकडे असतो. बाई नेमकी अशी वस्तू बनवत होत्या की जिच्यात तो औषधालाही नको. सकाळी कामावर निघताना नवऱ्याने खांद्यावर हात ठेवलेलाही त्यांना चालत नसे, कारण नवरा डोक्याला तेल लावायचा. नवरा भूगोल शिकवायचा, स्वभावाने सोशिक. "आमच्या घरात मी म्हणजे हायड्रोजन," असं तो आल्यागेल्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

बाई बनवत होत्या ती वस्तू दिसायला काहीच नव्हती. राखाडी रंगाचा, मऊ चामड्यासारखा वाकणारा एक पत्रा. तो कशासाठी, हे बाई कुणालाही दोन वाक्यांत सांगत आणि तिसरं वाक्य विचारणाऱ्यावर चिडत. अणुभट्टीतून न्यूट्रॉन निघतात. त्यांना थंड करत नेलं तर ते इतके मंद होतात की एखादी मोटार त्यांना मागे टाकील. असे रमतगमत जाणारे न्यूट्रॉन शास्त्रज्ञांना फार हवे असतात, कारण घाईत असलेल्याला जे दिसत नाही ते रमतगमत जाणाऱ्याला दिसतं. पण त्यांची खोड अशी की ते वाटेल त्या दिशेला भटकतात आणि हव्या त्या ठिकाणी मूठभरच पोचतात. म्हणून त्यांच्या वाटेच्या कडेला अशी भिंत हवी, जी त्यांना न दुखावता परत फिरवील. दुसरीकडे कुणी यासाठी हिऱ्याची पूड वापरली होती. पण पूड स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, तिला डबा लागतो, आणि मग तो डबाच न्यूट्रॉन खात बसतो. बाईंचा पत्रा स्वतः उभा राहायचा, शिवाय न्यूट्रॉन नेणाऱ्या नळीभोवती गुंडाळता यायचा. फक्त त्यात हायड्रोजन नको. हायड्रोजनचा अणू म्हणजे अरुंद गल्लीतला बेफाम स्कूटरवाला. शांतपणे चाललेल्या न्यूट्रॉनला असा काही धक्का देतो, की तो बिचारा भेलकांडत भलतीकडेच पळत सुटतो.

पत्रा बनवायची रीत बाईंनी आपल्या उमेदीची वर्षं घालवून बसवली होती. ग्राफाइट म्हणजे पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक पापुद्रे. त्याच्या चकत्या तीव्र आम्लात मुरवायच्या आणि एकदम तापवायच्या. आम्ल वाफ होऊन निघून जातं, पण जाताना पापुद्रे उचकटून जातं, आणि चकत्यांची गांडुळासारखी लांबलचक हलकी वेटोळी होतात. ती रुळांमध्ये घालून दाबली की गोंदाशिवाय एकमेकांत अडकून बसतात. मग तो पत्रा निकेलच्या पेटीत ठेवून फ्लोरीन सोडायचा, तोही घोटाघोटाने, आठवडेच्या आठवडे. फ्लोरीन पापुद्र्यांच्या मध्ये शिरतो, त्यांना दूर सारतो, आणि लपूनछपून उरलेल्या हायड्रोजनला बाहेर काढतो. घाई केली तर पत्रा पांढरा पडून अंड्याच्या टरफलासारखा फुटतो. मधे एकदा पेटीतून काढून पुन्हा रुळांतून सपाट करून घ्यायचा, कारण वायू पिऊन तो फुगलेला असतो. आणि मग पुन्हा फ्लोरीन, शेवटचा. या शेवटच्या वायूची किल्ली बाईंच्या गळ्यात असे.

रूळ होते एका सोनाराचे. त्याने दुकान बंद केलं तेव्हा सोन्याचा पत्रा लाटायचं त्याचं यंत्र बाईंनी उचलून आणलं होतं. यंत्र दणकट होतं. पण त्याला तेलाचा थेंब द्यायचा नाही, असा बाईंचा नियम होता. त्यामुळे हँडल फिरवलं की ते जे ओरडायचं, त्याला आवाज म्हणणं म्हणजे आवाजाचा अपमान होता. मांजराच्या शेपटीवर कपाट पडावं आणि ते कपाट कुणी सावकाश सरकवत न्यावं, तसा तो सूर होता. आणि बाईंच्या खोलीच्या बरोबर वर संचालकांची केबिन होती.

संचालकांचा फोन आठवड्यातून एकदा तरी यायचा.

"मॅडम, ते यंत्र मरतंय का?"

"नाही साहेब, काम करतंय. तुम्हाला तो आवाज ओळखीचा नसेल."

यावर संचालक मोठ्याने हसायचे. ते कशावरही मोठ्याने हसायचे. लोकांना त्यांचा राग येत नसे तो यामुळेच. गोरेगोमटे, सुगंधी, सगळ्यांच्या पाठीवर हात ठेवणारे. त्यांना सप्ताहांची आवड होती. संस्थेत स्वच्छता सप्ताह व्हायचा, सुरक्षा सप्ताह व्हायचा, फायलींचा सप्ताह व्हायचा. वर्षात आठवडे इतके कमी का, हीच काय ती त्यांची निसर्गाबद्दल तक्रार होती.

तर त्या महिन्यात अणुभट्टी बंद होणार होती. शुक्रवारी कुलूप, मग लांबलचक दुरुस्ती. ती पुन्हा सुरू होईपर्यंत बाई निवृत्त झालेल्या असणार आणि त्यांच्या खोलीत छायाचित्र विभाग थाटलेला असणार, हे दोन्ही कागदावर ठरून गेलं होतं. अणुभट्टीच्या इमारतीत काम करणारा एक तरुण शास्त्रज्ञ होता. जाड भिंगांमुळे त्याला सगळे 'चष्मा' म्हणत. त्याने हातापाया पडून बाईंसाठी गुरुवारची दुपार मिळवली होती. एक दुपार. त्या दुपारी पत्रा नळीभोवती गुंडाळायचा, न्यूट्रॉन परत फिरतात का ते मोजायचं. फिरले तर बाईंचं म्हणणं खरं. नाही मोजले, तर बाईंनी उमेदीची सगळी वर्षं मांजराच्या शेपटीवर कपाट सरकवण्यात घालवली.

सोमवार-मंगळवार बाई चष्म्याबरोबर नळीची बैठक बसवत होत्या. फुगलेला पत्रा सपाट करून पेटीत ठेवायचं काम त्यांनी मिस्त्रींवर सोपवलं होतं. मिस्त्री त्यांच्याबरोबर सुरुवातीपासून होते. हात धुऊन, वाळवून, मोजे घालूनच पत्र्याला शिवणारे. बुधवारी सकाळी बाई परत आल्या. पत्रा पेटीत होता, झाकण घट्ट होतं. मिस्त्री पेटीसमोरच्या आपल्या स्टुलावर बसून दाबाच्या काट्याकडे बघत होते, जसे ते नेहमी बसत. आता फक्त किल्ली फिरवायची.

किल्ली गळ्यातून काढता काढता बाईंना वाटलं, एक चिंचोळी पट्टी उरलीय ती रुळांतून काढून घ्यावी, चष्म्याला हाताळायला होईल. त्यांनी पट्टी लावली आणि हँडल फिरवलं.

काही झालं नाही.

म्हणजे हँडल फिरलं, पट्टी गेली, बाहेर आली. पण बाईंना खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ टिकटिक करतं हे त्यांना आज कळलं. त्यांनी आणखी एक फेरा दिला. लोण्यासारखा.

"मिस्त्री."

"जी, बाई."

"आवाज कुठे गेला?"

मिस्त्री स्टुलावरून उठले. "तो... गेला, बाई."

"कुठे?"

"निगा सप्ताहात."

बाईंनी हँडल सोडलं. "नीट सांगा."

मिस्त्रींनी सांगितलं ते असं. सोमवारपासून संस्थेत यंत्रांची निगा राखायचा सप्ताह सुरू झाला होता. उद्घाटनाला संचालक एखाद्या यंत्रात स्वहस्ते तेल घालणार होते. लिफ्टचं ठरलं होतं, पण लिफ्टला उपसंचालकांनी आदल्या दिवशीच तेल घालून घेतलं. संचालक जरा हिरमुसले. मग एकदम म्हणाले, अरे, खरं गरजवंत यंत्र तर माझ्या पायाखालीच आहे! आणि सगळा लवाजमा खाली आला. लांब नळीची तेलाची झारी, तिला निळी रिबीन, मागे छायाचित्रकार.

"मी म्हटलं, साहेब, बाईंना विचारू या. ते म्हणाले, आनंद द्यायचा असतो, विचारायचा नसतो."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या."

"सगळेच वाजवत होते, बाई. मग ते गेल्यावर मी फडक्याने रूळ पुसले. चांगले घासून पुसले. चकाचक दिसत होते. मला वाटलं, झालं."

"आणि मग पत्रा त्यातून काढलात."

"गुरुवार डोक्यावर आला होता, बाई."

बाईंनी पट्टी उजेडात धरली. कडेला एक ओलसर चमक होती, गोगलगाय चालून गेल्यावर राहते तशी. रूळ पुसले तरी सांध्यांत मुरलेलं तेल प्रत्येक फेऱ्याला नव्याने पाझरत होतं आणि पत्रा ते टीपकागदासारखं पीत होता. पेटीतला पत्रा गेला होता. आठवड्यांची मेहनत गेली होती. पण बाई पत्र्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर स्टुलावर गेली होती.

तेल आणि फ्लोरीन समोरासमोर आले की ते ओळख करून घेत बसत नाहीत. एकदम पेटतात. किल्ली फिरवली असती, तर त्या पेटीचं झाकण सगळ्यात आधी स्टुलावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर आलं असतं.

"ते स्टूल तिथून उचला," बाई म्हणाल्या.

"का हो?"

"उचला म्हणते ना!"

मिस्त्रींनी स्टूल उचललं. मग त्यांनी पट्टीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, हातातल्या स्टुलाकडे पाहिलं, आणि त्याच स्टुलावर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, मटकन बसले.

बाईंनी चष्म्याला फोन लावला. एक दिवस पुढे ढकलता येईल का? "ताई, शुक्रवारी सकाळी कुलूप लागतंय," तो म्हणाला. "ते कुलूप माझ्या हातात असतं तर मी गिळलं असतं. पण नाहीये."

बाई जिना चढल्या. राग कसा असतो ते जिने चढताना कळतं. पायऱ्या आपोआप कमी होतात. वर संचालकांचे स्वीय सहायक दाराशीच बसलेले होते.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"कसल्या?"

"सप्ताहाच्या समारोपाच्या."

"सप्ताह तर चालू आहे."

"समारोपाची तयारी आधीपासून करावी लागते, बाई."

बाई आत गेल्या. संचालक एकटेच होते आणि समारोपाच्या भाषणात 'तेल' या शब्दाला कोणता अलंकार जोडावा हे स्वतःशी पुटपुटत होते. बाईंना पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"या, या! मी म्हणतच होतो, आज आवाज कसा येत नाही. आभार मानायला आलात?"

बाईंनी सांगितलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून सुरुवात केली, आणि दुसऱ्या वाक्याला ते ठरवणं कुठल्या कुठे गेलं. हायड्रोजन म्हणजे काय, तेल म्हणजे काय, फ्लोरीन म्हणजे काय, आणि न विचारता दुसऱ्याच्या यंत्रात तेल घालणारा माणूस म्हणजे काय, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. बाहेर सहायकाचं टायपिंग थांबलं.

संचालकांनी शांतपणे ऐकलं. ऐकण्याच्या बाबतीत त्यांची ख्याती होती.

"म्हणजे पेटली असती," ते म्हणाले.

"हो! मिस्त्री मेले असते!"

"पण पेटली नाही ना?"

बाई काही म्हणायच्या आत संचालक पुढे बोलू लागले.

"नाही पेटली. का नाही पेटली? कारण वेळेवर लक्षात आलं. यालाच मी निगा म्हणतो, मॅडम. हा मुद्दा भाषणात घेतला तर चालेल का तुम्हाला?"

"साहेब, उद्या माझी मोजणी आहे. माझ्याकडे पत्रा नाही. नवा करायला आठवडे लागतात, आणि रूळ तेलाने माखलेत. ही दुपार गेली की संपलं. कळतंय का तुम्हाला? संपलं!"

"अहो, काही संपत नाही. यश काय, अपयश काय, काम महत्त्वाचं." संचालक खुर्चीतून उठले आणि त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवायची तयारी केली, पण बाईंचा चेहरा पाहून तो हात भिंतीकडे वळवला. "तुमच्या कामाचा मला किती आदर आहे, ते या भिंतीला विचारा."

भिंतीवर एक फ्रेम होती. सोनेरी नक्षीची, काचेची. आत निळ्या मखमलीवर बाईंचा पहिला यशस्वी पत्रा. फ्लोरीनचा शेवटचा वायू प्यालेला, कोरडा, तळहाताहून थोडा मोठा. तो संचालकांनी पाहुण्यांना दाखवायला म्हणून मागून नेला होता. ते तो कोपऱ्यांना धरून "बघा, वाकतं!" असं म्हणत, आणि एकदा वाकवता वाकवता तो एका बड्या पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टाला घासला. डाग काही केल्या निघाला नाही. त्या दिवसापासून पत्रा काचेच्या आड गेला आणि त्याला कुणाचं बोट लागलं नाही.

बाई फ्रेमकडे पाहत होत्या. संचालकांना वाटलं, त्या भारावल्या.

"मला हा द्या," बाई म्हणाल्या.

"काय?"

"हा पत्रा. उद्यापुरता. एवढ्याने भागेल, बारीक नळीभोवती बसेल. मला फक्त एक आकडा हवाय."

"अहो, पण उद्या तर पाहुणे येताहेत! हीच फ्रेम बघायला." संचालकांनी सहायकाला हाक मारली. "शिवाय ही फ्रेम डेड स्टॉकच्या नोंदवहीत चढलीय. काय हो, चढलीय ना?"

"हो साहेब. मागे नंबर आहे. इमारतीबाहेर न्यायची तर भांडारप्रमुखांची सही लागेल, आणि भांडारप्रमुख निगा सप्ताहानिमित्त प्रशिक्षणाला गेलेत."

"बघा," संचालक खेदाने म्हणाले. "माझे हात बांधलेले आहेत."

ते हात त्या वेळी एकमेकांवर चोळले जात होते, आणि त्यांना छान वास येत होता.

संध्याकाळी घरी बाईंनी दार लावलं ते शेजारच्यांनाही कळलं. नवरा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. त्याने सुरी खाली ठेवली, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुरी जरा आणखी लांब सरकवली.

"कोण?" त्याने विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. मधे एक पातेलं सिंकमध्ये आपटलं, मग उचलून पाहिलं, फुटलं नाही म्हणून पुन्हा आपटलं. "तो माणूस आनंद देतो म्हणे! असला आनंद मुंगीलाही देऊ नये. आणि सगळे टाळ्या वाजवतात. मिस्त्रींसकट! अहो, मेले असते ते. आणि याला अलंकार सुचत नाही!"

"आणि फ्रेम नेऊ देत नाही."

"डेड स्टॉक!" हा शब्द बाईंनी असा उच्चारला की नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्थात कांदाही होता.

"आमच्या शाळेतली गंमत सांगू का?" तो म्हणाला.

"गंमत नको मला."

"ऐक तर. आमच्याकडे जगाचा एक मोठा नकाशा होता, फ्रेममधला. कुणीतरी आतून नकाशाच काढून नेला. पुढच्या तपासणीत मी घाबरून उभा. तपासनीस आला, फ्रेमच्या मागचा नंबर पाहिला, बरोबर अशी खूण केली आणि गेला. नंबर फ्रेमवर ना! तेव्हापासून ती फ्रेम तशीच आहे. आत जग नाही, पण कागदोपत्री सगळं ठीक."

बाईंचा हात पातेल्यावरच थांबला.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

बाईंनी त्याला मिठी मारली, चांगली घट्ट. मग एकदम मागे झाल्या. "आणि तुम्ही डोक्याला तेल लावलंय!" असं ओरडून आंघोळीला पळाल्या.

गुरुवारी सकाळी संचालक यायच्या आधी बाई वर गेल्या. हातात कोरे मोजे, नवं पातं, आणि झाकणाचा स्टीलचा डबा. सहायकाने मान वर केली.

"साहेब नाही आले अजून."

"मला साहेब नकोत. फ्रेमची निगा राखायला आलेय. सप्ताह आहे ना?"

काल दारामागे बसून सहायकाने सगळं ऐकलं होतं, 'मिस्त्री मेले असते' हेही. आणि मिस्त्रींबरोबर तो रोज दुपारी डबा खायचा. त्याने ड्रॉवरमधून केबिनची चावी काढली, टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर काय चाललंय ते बघायला गेला.

बाईंनी फ्रेम उतरवली, पाठीची पट्टी सोडवली. पत्रा मखमलीला चार कोपऱ्यांवर गोंदाने चिकटवलेला होता. मधला भाग स्वच्छ होता. त्यांनी चार कोपरे सोडून पातं फिरवलं. पत्रा अलगद हातात आला, वाकला, परत सरळ झाला. बाईंना त्या क्षणी मोजक्या लोकांबद्दल वाटतं तसं काहीतरी त्या पत्र्याबद्दल वाटलं. तो डब्यात गेला. फ्रेम पुन्हा भिंतीवर गेली: सोनेरी नक्षी, निळी मखमल आणि चार कोपऱ्यांत चार राखाडी त्रिकोण.

सहायक परत आला. त्याने फ्रेमकडे पाहिलं.

"बाई, आत काही राहिलं नाही."

"कोपरे आहेत की."

"आणि नंबर?"

"जागच्या जागी."

"मग झालं," सहायक म्हणाला, आणि टायपिंगला बसला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, फ्रेम, खुर्ची, टेबल, पंखा यांपैकी काही नेताय का? बाई म्हणाल्या, नाही. तो म्हणाला, जा.

अणुभट्टीच्या इमारतीत चष्म्याने पत्रा निर्वात भट्टीत तापवून हवेची उरलीसुरली ओल काढून घेतली आणि मग तो बारीक नळीभोवती गुंडाळला. बाईंनी त्याला हात लावू दिला, पण प्रत्येक हालचालीला "सांभाळून रे" म्हणत राहिल्या. आधी नुसत्या नळीचा आकडा घेतला होता. आता पत्र्यासकटचा. पडद्यावर आकडे चढू लागले. चष्म्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिलं.

"ताई," तो म्हणाला, "परत येताहेत."

"येणारच. तिथे तेल नाहीये."

"नुसते येत नाहीत, ताई. झुंडीने येताहेत. मोठा पत्रा असता तर..."

त्याने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं वाट पाहून एखादी गोष्ट खरी ठरली की माणसं हसतात, रडतात, कुणाला तरी फोन करतात. बाई त्या आकड्याकडे पाहत होत्या आणि त्यांना दिसत होतं ते एक स्टूल. हा आकडा थोडा लहानच राहणार होता. मोठा पत्रा पेटीत तेल पिऊन पडला होता. आणि कुणीतरी वर बसून तेलाला अलंकार शोधत होतं.

"लिहून घे," त्या म्हणाल्या. "मी निघते. मला एकाला भेटायचंय."

दुपार उलटत असताना बाई संस्थेत आल्या. काय काय बोलायचं ते त्यांनी वाटेत चोख जमवलं होतं. सभ्य शब्द वेगळे काढून बाजूला ठेवले होते. वरच्या मजल्यावर केबिनचं दार उघडं होतं. आत पाहुणे उभे होते, चांगल्या कपड्यांतले, पोटभर जेवलेले. आणि संचालक त्यांना फ्रेमकडे नेत होते.

बाई दारात थांबल्या. आता याला घाम फुटणार, हे बघायला मिळावं म्हणून थांबल्या.

संचालक फ्रेमसमोर आले. हात वर केला. फ्रेमकडे पाहिलं. हात तसाच राहिला. एक श्वास. दुसरा. मग ते पाहुण्यांकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच प्रसन्न हसू होतं.

"ही आमच्या संस्थेची शान," ते म्हणाले. "इतकं पातळ, की समोरून दिसतच नाही."

पाहुणे वाकले. काचेजवळ गेले.

"कमाल आहे," एक म्हणाला.

"आणि हे वाकतं म्हणे?" दुसऱ्याने विचारलं.

"आत्ता वाकलेलंच आहे," संचालक म्हणाले.

"हो, हो," तिसरा म्हणाला. "तिरकं पाहिलं की कळतं."

मग संचालकांना बाई दिसल्या. त्यांनी नजरही चुकवली नाही. "या, मॅडम, या! हे आमच्या मॅडमचंच काम. आणि एक सांगतो, यांच्या खोलीतून पूर्वी असा आवाज यायचा की इथे बसवत नसे. आता? ऐका." त्यांनी बोट वर केलं. सगळे ऐकू लागले. खरंच शांत होतं. "ही निगा!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी तोंड उघडलं. जमवलेले शब्द सगळे दाताशी येऊन उभे होते. त्यांनी समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. जो माणूस रिकाम्या मखमलीत पत्रा वाकलेला बघतो, त्याला हायड्रोजन कुठून समजावायचा? त्यांनी तोंड मिटलं, वळल्या, आणि जिना उतरल्या. उतरतानाही पायऱ्या कमीच झाल्या.

खाली मिस्त्री जमिनीवर बसलेले होते. कालपासून त्यांनी यंत्राचा एकेक तुकडा सुटा करून धुतला होता, तापवला होता, पुन्हा धुतला होता, पुन्हा तापवला होता. घरी गेले होते की नाही कुणास ठाऊक. यंत्र आता जोडून उभं होतं. त्यांनी बाईंकडे वर पाहिलं.

"आले का परत? ते... न्यूट्रॉन?"

"आले. झुंडीने आले."

मिस्त्रींनी डोळे पुसायला हात वर नेला. मग कुठे बसलोय ते आठवून तो तसाच खाली घेतला.

"रूळ कोरडे झाले?" बाईंनी विचारलं.

"हाडासारखे."

बाईंनी हँडल धरलं आणि फिरवलं.

किंकाळी निघाली. पूर्वीपेक्षा जोरात, कारण धुण्यात जुना मळसुद्धा निघून गेला होता. खिडकीची तावदानं थरथरली. वर काहीतरी, बहुधा कपबशी, खाली पडलं.

"बाई, रुळांत पत्रा घातलेला नाही," मिस्त्री ओरडून म्हणाले.

"माहीत आहे मला," बाई ओरडल्या, आणि फिरवत राहिल्या.

वरून बूट आपटल्याचा आवाज आला म्हणे. फोनही वाजत होता म्हणे, बराच वेळ; पण ऐकू कुणाला येणार? बाईंचा दंड भरून आला तेव्हा मिस्त्री उठले आणि त्यांनी हँडल आपल्या हातात घेतलं. या वेळी त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात कामात होते.